पारख्याची बोटे

माझ्या हातांची नखे एका वर्षात दोनदा बदलली. पहिल्यांदा ती वाकली, तेव्हा आमच्या घरी गूळ वाटला गेला. दुसऱ्यांदा ती सरळ होऊ लागली, तेव्हा माझे वडील, ज्यांना मी बा म्हणतो, माझ्या हाताशेजारी आपला हात ठेवून बसले. मधल्या काळात मी मरता मरता राहिलो.

हे लिहावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. मी वैद्यकी शिकलेलो नाही. पुण्याच्या कॉलेजात गणित आणि इंग्रजी शिकतो, आणि तेही मध्ये सुटले होते. आमच्या घरात शाळेत गेलेला मीच पहिला, तेव्हा लिहिण्यात चुका असतील. परंतु आमच्या वऱ्हाडात, कापसाच्या बाजारात, माझ्यासारखी बोटे असलेली आणखी माणसे असतील असे मला वाटते. त्यांच्यापैकी कोणाचा मुलगा किंवा पुतण्या वाचणारा असेल, तर त्याने हे घरी वाचून दाखवावे, एवढ्यासाठी लिहितो.

आमचे काम

आमचे घर अकोल्याचे. थोडी जमीन आहे, पण आम्हाला लोक ओळखतात ते पारखी म्हणून. बाजारात रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, गाडी आली की तिचा धागा किती लांब, किती मजबूत, नव्या रुईत मागच्या सालची मिसळली आहे काय, वजन वाढावे म्हणून पाणी मारले आहे काय, हे पारखी चिमटीने सांगतो. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात धरायची, ओढून तिचे दोन भाग करायचे, एकावर एक ठेवायचे, पुन्हा ओढायचे. असे करत गेले की धागे विंचरल्यासारखे एका दिशेला लागतात. मग ते बोटावर पसरून पाहायचे. घेणारा आणि विकणारा, दोघेही पारख्याच्या तोंडाकडे बघत उभे असतात.

माझे आजोबा यात नावाजलेले होते. त्यांच्या बोटांची टोके बोरासारखी गोल, फुगीर होती आणि नखे पोपटाच्या चोचीसारखी पुढे वाकलेली होती. जन्मभर रुई ओढून पारख बोटांत उतरली, असे लोक म्हणत. आमच्या धंद्यात सगळे तसेच मानतात. ज्याचे नख वळले तो खरा पारखी. बाजारात नवा माणूस आला तर जुने लोक आधी त्याचा हात पाहतात. बांचे आयुष्य याच कामात गेले, पण त्यांची बोटे कधी वळली नाहीत. ही गोष्ट घरात कोणी बोलत नसे.

मी सांगतो ते दिवस अमेरिकेतल्या लढाईचे आहेत. तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आमच्या कापसाला असे दिवस आले की बैलांच्या शिंगांना चांदीची शेंबी दिसू लागली. प्रत्येक अडतीला, म्हणजे दलालाच्या पेढीला, पारखी पाहिजे होता. अशा वेळी घरचा एकुलता मुलगा पुण्याला पुस्तके वाचत बसला आहे, हे बांना कसे वाटत असेल, ते मला तेव्हाही समजत होते. त्यांनी मला कधी अडवले नाही. फक्त सुटीत घरी आलो की माझ्या हातात रुई देत आणि म्हणत, "ओढून तं पाय." ओढून तर पाहा.

ताप

पावसाळ्यात पुण्याला मला ताप आला. उजव्या बरगडीत अशी कळ होती की श्वास अर्ध्यातच थांबवावा लागे. बरोबरची मुले चांगली होती. एरवी माझ्या 'मले, तुले'ला हसत, पण तापात त्यांनीच मला पेज पाजली. ताप उतरला आणि मी बरा झालो असे सगळ्यांना वाटले, मलाही वाटले. पण संध्याकाळी अंग गरम होई. पहाटे सदरा भिजलेला असे. जिना चढताना मध्ये थांबावे लागे आणि मी काहीतरी विसरल्याचे सोंग करून खिशात हात घाली.

दसऱ्यानंतर घरी आलो. आगगाडी संपते तिथून पुढे बैलगाडीने. दारात मायने मला पाहिले आणि हातातला तांब्या खाली ठेवला.

"काहून रे असा वाळला? पुन्याले खायाले देत नाई काय कोनी?"

"अभ्यास होता, माय."

"आग लागो तुह्या अभ्यासाले."

मी खात होतो, पण अंगी लागत नव्हते. खोकला वाढला. थुंकीला वास येऊ लागला, तेव्हा मी परसात जाऊन थुंकत असे. उजव्या कुशीवरच झोप लागे. हे सगळे मी कोणाला सांगितले नाही. आजाराची लाज वाटते, हे ज्याला आजार झाला नाही त्याला समजणे कठीण आहे.

दिवाळी होऊन गेली होती. एका सकाळी बा आंघोळीला बसले होते आणि मी पाणी ओतत होतो. त्यांनी एकदम माझा हात धरला.

"हात दाखव. दुसरा बी दाखव."

मी दाखवला. माझी बोटे जाड झाल्याचे मला जाणवले होते. पुण्याला जाताना चपटी असलेली टोके आता गोल दिसत होती आणि नखे पुढे वळली होती. थंडीने सुजली असतील असे मी समजत होतो.

"ये व इकडे!" बांनी ओल्या अंगानेच मायला हाक मारली. "पाय याची बोटं. बुढ्याची बोटं हायेत!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. आंघोळ तशीच टाकून ते दुकानात गेले आणि गूळ घेऊन आले. शेजारी वाटला. ज्याला त्याला माझा हात दाखवला. मायने माझी बोटे हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिली. मग तिने आपल्या वाट्याचा गूळ कोनाड्यात ठेवून दिला.

मला काय वाटले, ते खरे सांगतो. आनंद झाला. कॉलेजात जाऊन मी बांपासून काही हिरावून घेतले आहे असे मला नेहमी वाटे. ते देवाने माझ्या बोटांतून परत केले, असे त्या दिवशी वाटले.

बाजारात

हंगामात बा अमरावतीच्या एका अडतीवर बसत. त्या साली त्यांनी मला बरोबर नेले. कॉलेजचे पुढे बघू, असे ठरले. तिथे माल तोलणारा दौलत नावाचा मापारी होता, बांचा जुना मित्र. तोंडाने फटकळ.

"आले, आले, इंग्रजी पारखी आले! काय रे, रुईले इंग्रजीत काय म्हंतेत?"

"कॉटन, काका."

"अन् सरकीले?"

"कॉटन सीड."

"हात् लेका! आमाले दोन वेगळे शब्द लागतेत अन् तुमचं एकातच भागते."

सगळे हसले. मग दौलतकाकांनी माझा हात पाहिला आणि हसणे थांबले. त्यांनी माझी बोटे आपल्या कपाळाला लावली.

मी रुई ओढू लागलो. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मला त्या बोटांनी काही विशेष कळत नव्हते. उलट टोके जड, बधिर वाटत. चिमूट सुटून जाई. पण मी जे बोलेन त्याला लोक मान डोलावत. एकदा मी आखूड धाग्याच्या रुईला लांब म्हणालो. घेणाऱ्याने लगेच हो म्हटले, विकणारा तर खूशच झाला. बांनी तीच रुई पुन्हा ओढली आणि हळूच खरे ते सांगितले. माझ्याकडे पाहिले नाही.

गाड्यांमधून चालताना मला दम लागे. खोकला आला की दौलतकाका पाठीवर थाप मारत. "रुईची धूळ हाय. एक हंगाम गेला की सवय होइन."

दवाखाना

संक्रांतीच्या सुमाराला खोकल्याने मी इतका हैराण झालो की खोकल्याचे पातळ औषध मागायला सरकारी दवाखान्यात गेलो. तेथे मुंबईला शिकून आलेले एक कोकणातले डॉक्टर होते. त्यांनी औषध तयार करून बाटली पुढे केली. मी ती धरली, पण त्यांनी बाटली सोडली नाही.

"हात मागे घेऊ नका. असाच धरा."

त्यांनी बोट आडवे करून बाजूने पाहिले. नखाच्या मुळाशी दाबले. ते पिकल्या फळासारखे दबत होते. मी स्वतः ते कधी करून पाहिले नव्हते.

"हे कधीपासून?"

"पारख्याची बोटे आहेत," मी म्हणालो. माझ्या आवाजात थोडा अभिमान होता. "आमच्या धंद्यात होतात अशी."

ते हसले नाहीत. सदरा काढायला सांगितला. माठ कच्चा की पक्का ते वाजवून पाहतात, तशी त्यांनी बोटाने माझी छाती वाजवली. डावीकडे पोकळ आवाज आला. उजवीकडे, खालच्या बाजूला, पाण्याने भरलेल्या माठासारखा मंद. मोठा श्वास घ्यायला लावला. डावी बाजू हलली, उजवी जागच्या जागी राहिली. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

"तुमच्या छातीत पू साठला आहे," ते म्हणाले. "पावसाळ्यातल्या तापाचा. तो बाहेर काढावा लागेल, म्हणजे बरगड्यांच्या मधून कापावे लागेल. नखे त्याच्यामुळेच वळली आहेत. छातीत दुखणे फार दिवस राहिले की पुष्कळांची अशी होतात. घरात आणखी कोणाची होती का?"

"आजोबांची."

"त्यांना खोकला होता?"

मागून आवाज आला. बा मला शोधत आले होते आणि दारात उभे होते.

"डाक्टरसायेब, माह्या बापाले रोगी म्हनून राहिले काय तुमी?"

"मी तसे म्हटले नाही. विचारले."

"त्या बोटानं जलमभर कापूस पारखला त्यायनं. सारा बाजार वळखते."

"असेल. पण नखे कापसाने वळत असती, तर इतकी वर्षे हे काम करून तुमची का वळली नाहीत?"

डॉक्टरांनी हे दुखवण्यासाठी विचारले नव्हते. त्यांना काय ठाऊक की त्यांनी कुठे बोट ठेवले. बांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी माझा सदरा उचलून माझ्या अंगावर टाकला आणि मला बाहेर काढले. डॉक्टर मागून एवढेच म्हणाले, "वाट पाहू नका."

त्याच आठवड्यात आम्ही अकोल्याला परत आलो.

राखेचे भांडे

घरी काढे सुरू झाले, शेक सुरू झाले, एक नवसही बोलला गेला. मी दिवसभर भिंतीला टेकून बसे. बा माझ्याशी प्रेमाने वागत, पण दवाखान्याचा विषय निघू देत नसत. मीही त्यांच्यापाशी तो काढत नसे. डॉक्टर खोटे ठरावेत असेच मलाही वाटत होते. छाती कापायची, हा शब्दच मला गिळवत नव्हता.

मग उजव्या बरगडीवर एक गाठ वर आली. खोकलो की ती फुगे. अकोल्याचे जे वैद्य मला काढे देत त्यांनी ती पाहिली आणि हात जोडले. "माझ्या हातचे नाही हे."

बा जेवायला बसले होते. म्हणाले, "पोटीस बांधू. बाहीर येऊन फुटून जाइन आपोआप."

माय वाढत होती. तिने भाकरी परत टोपल्यात ठेवली.

"डाक्टर काय म्हनला ते मले गोविंदानं सांगतलं." गोविंदा म्हणजे मी; एका रात्री ती मला शेकत असताना मी तिला सगळे सांगितले होते.

"डाक्टरले काय समजते? माह्या बापाची बोटं पायली होती काय त्यानं?"

"बोटं तुमी पायली. भांडं म्या धुतलं."

"कोनतं भांडं?"

"राखेचं. मामंजी थुंकत, त्यायच्या खाटीखाली राहे ते. या घरात आली तवापासून ते गेले तवापावतर, रोज सकाळी म्याच धुतलं. हिरवं, पिवळं. असा वास की दोन-दोनदा हात घासा लागे. 'सूनबाई, माह्या पोराले सांगू नको, बाजारात बसाले देनार नाई कोनी,' म्हनत. म्या नाई सांगतलं."

बांनी हातातला घास ताटात ठेवला.

"तोच वास या पोराच्या थुंकीले येऊन राहिला," माय म्हणाली. "तुमी गूळ वाटला त्या दिवशी बी येत होता. मी काय करू? तुमी इतके खूश होते."

मी भिंतीशी बसून ऐकत होतो. मला आठवले ते आजोबांचे उपरणे, जे त्यांच्या तोंडाशी नेहमी असे.

बांनी ताटात हात धुतले आणि ते बाहेर गेले. हंगाम भरात होता, अकोल्यातली एकही गाडी रिकामी नव्हती. सगळ्यांवर कापूस होता. शेवटी अमरावतीला रुई नेणाऱ्या एका गाडीवाल्याचे त्यांनी पाय धरले, असे मला पुढे त्या गाडीवाल्याकडूनच समजले. मी रुईच्या बोज्यांवर निजून अमरावतीला गेलो. माय पुढे बसली होती. ती आयुष्यात पहिल्यांदाच अकोल्याबाहेर इतकी दूर निघाली होती, आणि वाटेत प्रत्येक गावाचे नाव विचारत होती.

कापल्याचा दिवस

डॉक्टरांनी आम्हाला पाहिले. उशीर का केला, असे ते म्हणाले नाहीत. त्याबद्दल मी त्यांचा फार आभारी आहे.

बांनी विचारले, "जगन काय?"

"कापले नाही तर जगणार नाही. कापल्यावरचे मी सांगू शकत नाही."

"मंग कापा."

टेबलावर निजवण्यापूर्वी मी फार घाबरलो होतो. माझ्यासारखा कोणी असाच निजवला जाणार असेल, तर त्याला सांगतो की घाबरल्याची लाज वाटून घेऊ नये. मी रडलो, आणि मोठ्याने रडलो. मग तोंडावर फडके ठेवले, गोडसर वास आला, आणि मी आकडे मोजता मोजता विसरलो.

जाग आली तेव्हा छातीतून एक रबराची नळी निघालेली होती आणि खोलीत असह्य वास होता. पहिली गोष्ट मला जाणवली ती वेगळीच. मी पूर्ण श्वास घेतला होता. दुखत होते, पण श्वास शेवटपर्यंत गेला.

पुढे कळले की कापले तेव्हा पू इतका आला की भांडे पुरले नाही, आणि दाराशी उभे असलेले बा दुसरे भांडे घेऊन आत गेले व ते धरून उभे राहिले. त्या दिवसापासून नळीखालचे भांडे रोज सकाळी तेच रिकामे करत. दवाखान्याचा माणूस होता त्या कामाला. बा त्याला हात लावू देत नसत. मायने एकदा घ्यायचा प्रयत्न केला.

"ठेव," ते म्हणाले. "तू लय धुतलं."

खाटेवर

दवाखान्यातले दिवस एकमेकांसारखे असतात. सकाळी जखम धुणे, ते सर्वांत वाईट. मग डॉक्टरांची फेरी. दवाखान्याच्या आवारात निंबाखाली मायने तीन दगडांची चूल मांडली होती. तिथून ती पातळ कण्या, दूध, आणि डॉक्टरांनी सांगितली म्हणून अंडी आणत असे. अंडे उकडताना ती तोंड फिरवून बसे, कारण चैत्रात ती खात नसे. मला आंघोळही तीच घाली. एवढा वाढलेला मुलगा, मला मेल्याहून मेल्यासारखे होई. ती म्हणे, "गप्प बस. तुले म्या असाच पायला हाय आधी."

शेजारच्या खाटेवर तेल्हाऱ्याचा रामा गाडीवान होता. कापसाच्या गाडीखाली त्याचा पाय चेपला होता. मला तो 'नळीवाला' म्हणे. छाती पुन्हा फुगावी म्हणून मी जोराने फुंकायला शिकावे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. रामाने त्याच्यासाठी एक युक्ती काढली. माझ्या उशीतून रुईचा पुंजका काढून तळहातावर ठेवायचा आणि त्याच्या खाटेपर्यंत फुंकायचा.

पहिल्या दिवशी पुंजका तळहातावरच लोळला.

"अबे, माशी बी उडनार नाई याच्यानं," रामा म्हणाला.

"हसू नको, जखम दुखते."

"मी हसून नाई राहिलो. मी रडून राहिलो. अशा पारख्याच्या भरवशावर आमी गाड्या हाकतो."

मध्ये एकदा पुन्हा ताप चढला. नळी तुंबली होती. ते दोन दिवस बा खाटेजवळून उठले नाहीत. त्याच दिवसांत अडतीच्या शेठजींनी बांच्या जागी दुसरा पारखी बसवला. निरोप घेऊन दौलतकाका आले होते. बा म्हणाले, "बसवू दे," आणि पुन्हा माझ्या कपाळावर पट्टी ठेवली.

नळी मोकळी झाली. ताप गेला. होळीनंतर ऊन चढले, भिंती तापल्या, आणि एका दुपारी रुईचा पुंजका तरंगत जाऊन रामाच्या मिशीला चिकटला. त्याने तो काढला नाही. डॉक्टरांची फेरी होईपर्यंत तसाच ठेवला.

नखे

नखाकडे लक्ष द्यायला मला डॉक्टरांनीच शिकवले. "छाती काय म्हणते ते मी ऐकतो. तुम्ही नख बघत राहा," ते म्हणत. काही आठवड्यांनी नखांच्या मुळाशी एक आडवी रेघ दिसू लागली, नांगराच्या तासासारखी. रेघेच्या पुढे आजारातले जुने, वाकलेले नख. रेघेच्या मागे नवे येत होते, आणि ते सपाट होते. मुळाशी दाबले तर आता दबत नव्हते. बोटांची टोकेही हळूहळू उतरत गेली.

नळी काढली, जखम भरली, आणि उन्हाळा संपताना आम्ही अकोल्याला आलो. रेघ पुढे पुढे सरकत होती. पोळ्याच्या सुमाराला अंगठ्याचे शेवटचे वाकडे टोक मी कापले. बा जवळ बसले होते. त्यांनी माझा हात घेतला, वळवून पाहिला. आपला हात शेजारी ठेवला. दोघांची नखे आता सारखी दिसत होती.

मग म्हणाले, "बुढा पारखी होता. बोटाच्यानं नाई. डोस्क्यानं होता."

"हो, बा."

"अन् खोकलत होता. दोन्ही खरं हाय."

आजोबांना नेमके काय झाले होते, ते आता कोणी सांगू शकत नाही. डॉक्टरांनीही तर्कच केला. हेही लिहितो की नख वाकलेले दिसले की छातीत पूच असेल, असे कोणी समजू नये. काहींची नखे जन्मापासून तशी असतात आणि त्यांना काही होत नाही. हृदयाच्या काही दुखण्यांतही ती वळतात, असे डॉक्टर म्हणाले. पण नखे आधी सरळ होती, आता दोन्ही हातांची वळू लागली, टोके फुगली, आणि सोबत खोकला, ताप किंवा दम आहे, तर गूळ वाटण्याआधी छाती दाखवावी. एवढेच मला कळते.

पुढचा हंगाम

कॉलेजचे एक वर्ष गेले होते. पुण्याला निघण्यापूर्वी डॉक्टरांना छाती दाखवायला मी अमरावतीला गेलो. बा तेव्हा दुसऱ्या एका अडतीवर बसू लागले होते. मी पोहोचलो तेव्हा तिथे माणसांचे कडे पडले होते. मधे चांदूरकडचा एक पारखी होता. तिशीचा, बायकामुलांचा माणूस, अंगाने किडकिडीत. तो रुई ओढत होता आणि लोक त्याच्या हाताकडे बघत होते.

"पाय, श्रीपत," दौलतकाका बांना म्हणाले. "आता पारख इथं उतरली. बोटं पाय कशी हायेत!"

बा पुढे झाले. त्यांनी त्या माणसाचे मनगट धरले. बोट आडवे करून बाजूने पाहिले. नखाच्या मुळाशी अंगठ्याने दाबले.

"खोकला येते काय रे तुले?"

आजूबाजूचे लोक बांकडे वळले. बाजारात, घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या मधे, पारख्याला असे कोणी विचारत नाही.

"कदी मदी," तो म्हणाला. हसला. "रुईची धूळ हाय, काका. पारख्याची बोटं हायेत हे."

"आमी बी तसंच म्हनत होतो."

"श्रीपत," दौलतकाका खालच्या आवाजात म्हणाले, "चारचौघांत त्याची इज्जत काहून घेतं? त्याचं पोट हाय याच्यावर."

बांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. "संध्याकाळी अंग तापते काय? खरं सांग."

त्या माणसाचे हसू गेले. त्याने भोवतालच्या कड्यावरून नजर फिरवली, मग खाली पाहिले. "तापते," तो म्हणाला, इतक्या हळू की मला ओठच दिसले.

"चाल. दवाखाना जवळच हाय."

"आता? गाड्या उभ्या हायेत, काका."

"राहू दे उभ्या," बा म्हणाले, आणि त्याचे मनगट न सोडता गाड्यांमधून वाट काढू लागले.